दोन बोटं जागा

“आता हलायचं नाही,” असं म्हणून साचेकाकांनी पायलटच्या खांद्यापाशी आलेला ओल्या प्लास्टरचा ओघळ तळहाताने आत लोटला.

पायलट टबात उताणी पडली होती. अंगात पातळ सुती कपडे, गुडघे पोटाशी, हात छातीवर. प्लास्टर आळायला लागलं की चांगलं गरम होतं, आणि पंधरा मिनिटं तसंच पडून राहावं लागतं. एरवी या पंधरा मिनिटांत ती बडबडून काकांचं डोकं खायची. यान रद्द करा आणि मला इथेच झोपू द्या, असलं काहीबाही. आज ती छताकडे बघत गप्प होती.

काकांनी नेहमीप्रमाणे तिच्या डोक्याच्या वर दोन बोटं आडवी धरून जागा मोजली. वर अंतराळात गेलं की वजन उरत नाही, मणके सैल होतात आणि माणूस तेवढा लांब होतो. ती जागा आधीच सोडावी लागते.

“वाढशील बरं का वर जाऊन,” ते म्हणाले. या विनोदाला ती दर वेळी हसायची. आज नाही. “काय गं, जिभेलाही प्लास्टर लावलं की काय मी?”

“दमलेय जरा, काका.”

दमणारच, ते मनाशी म्हणाले. एक्केचाळीस दिवसांनी यान उडणार होतं. चार वेळा ते रिकामं जाऊन आलं होतं. आता पहिल्यांदाच त्यात माणूस बसणार होता. खुर्ची एकच, आणि ती हिची. परत येताना यान जमिनीवर आदळतं, तेव्हा पाठीमागे कुठे पोकळी राहून चालत नाही, म्हणून ती खुर्ची बसणाऱ्याच्या अंगाबरहुकूम घडवायची. काकांची पंचवीस वर्षं इस्पितळात कृत्रिम पाय बनवण्यात गेली होती. प्लास्टर आणि माणसाचं अंग दोन्ही कळणारा माणूस हवा, म्हणून त्यांना इथे आणलं होतं.

वेळ झाली तशी ती उठली. एरवी टुणकन उठायची. आज आधी डाव्या कुशीवर वळली, मग टबाची कड धरली.

ती अंग धुवायला गेली आणि काकांनी दिवा जवळ ओढला. साच्यावरून हात फिरवला. उजव्या कमरेपाशी हात थांबला. त्यांनी फळीवरचा चौदा महिन्यांपूर्वीचा साचा खाली उतरवला, मोजलं, पुन्हा मोजलं. सात मिलिमीटर. वजन कमी-जास्त झालं तर दोन्ही बाजूंना सारखा फरक पडतो. एकाच बाजूला पडला, की समजायचं माणूस अंग चोरून पडला होता.

ती ओले केस पुसत आली तेव्हा दोन्ही साचे शेजारी शेजारी होते.

“कधीपासून?” काकांनी विचारलं.

“काय कधीपासून?”

“मला नको शिकवूस.”

तिने दार लोटून घेतलं. “एकोणीस दिवस झाले. यान चुकून पाण्यात पडलं तर बाहेर कसं पडायचं, त्या सरावात शिडीवरून पाय सटकला. गोळी घेतली की कळतसुद्धा नाही.”

“डॉक्टरांना सांगितलंस?”

“सांगितलं की त्याच दिवशी माझ्या जागी लंबू. तुम्हाला काय माहीत नाही?”

लंबू म्हणजे तिचा राखीव जोडीदार. चार वर्षं दोघांनी एकच सराव केला, एकाच टेबलावर जेवले. तिला काही झालं तर तो जाणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

“काका,” ती हळूच म्हणाली, “सात मिलिमीटर तुम्ही कानशीने घासून टाकलेत तर कुणाला कळणार आहे? तुम्ही काही बघितलंच नाहीत.”

काका कानशीकडे बघत राहिले. या पोरीने आजवर त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. टेबलावर कागद होता. त्यात ‘आधीच्या साच्याशी फरक’ असा एक रकाना होता, आणि तो उद्या दुपारपर्यंत भरून द्यायचा होता.

सकाळी बायकोने त्यांच्यापुढचा कप उचलला. “थंडगार झाला हा चहा. कालपासून तोंड पाडून बसलायत. काय झालंय?”

काकांनी सांगितलं. कोण, ते सांगितलं नाही. तिला ते कळलं.

“तो बसवाला आठवतो?” तिने विचारलं.

न आठवायला काय झालं! काकांनी बसवलेला पाय टोचत असूनही नोकरी जाऊ नये म्हणून तो बसचालक ‘अजिबात दुखत नाही’ म्हणत राहिला. काकांनी प्लास्टरवर विश्वास ठेवायचा तो त्याच्या तोंडावर ठेवला. आत जखम चिघळली आणि गुडघ्याखाली कापलेला पाय पुन्हा गुडघ्याच्या वरून कापावा लागला.

“पण ही लेकीसारखी आहे गं.”

“मग तर झालंच,” बायको म्हणाली आणि चहा पुन्हा गरम करायला घेऊन गेली.

दहा वाजता काकांनी पायलटला बोलावून घेतलं. जुना साचा जमिनीवर चटईवर ठेवला होता.

“यात झोप.”

“यात? कशाला?”

“झोप म्हणतोय ना.”

तिने खांदे टेकले, मग कंबर. तो साचा घेतला तेव्हा तिला काही दुखत नव्हतं. प्लास्टर कमरेच्या खोलगट भागात नीट वर आलं होतं, आणि तिथे टेकताच तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने दात आवळले, पण उठली नाही. काका तिच्याजवळ जमिनीवर बसले.

“हा तुझाच साचा आहे गं. दुसऱ्या कुणाचा नाही.”

तिच्या डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळलं. “चार वर्षं, काका. आई आजारी होती तेव्हासुद्धा सुट्टी मागितली नाही मी. आणि एका शिडीवर पाय सटकला.”

सगळं घासून टाकावं आणि हिला ‘जा’ म्हणावं, असं काकांना आतून फार वाटलं.

“मी लिहिणार आहे,” ते म्हणाले. “पण माझ्या कागदावरून कळायच्या आधी तू सांगितलंस तर बरं.”

तिने पडल्या पडल्याच बाहीने डोळे पुसले.

“कागद द्या,” ती शेवटी म्हणाली. काकांच्या खांद्यावर सगळा भार टाकून, न लपवता कण्हत ती उठली. रकान्यात तिने स्वतःच्या हाताने लिहिलं : सात मिलिमीटर, उजवी कंबर, दुखापत. सही केली आणि डॉक्टरांकडे निघाली.

चौथ्या दिवशी लंबूचा साचा होता. तो टबापाशी उभा होता तेवढ्यात पायलट आली. कमरेला रुंद पट्टा होता. लंबूने नजर खाली घातली.

“तू कशाला आलीस?”

“काकांना प्लास्टर ढवळायला माणूस हवा होता.”

काकांनी कुणालाही बोलावलं नव्हतं. त्यांनी काठी तिच्या हातात दिली. “बादली उचलायची नाही,” एवढंच म्हणाले.

लंबू टबात उतरला. ती सावकाश त्याच्या डोक्याशी गुडघे टेकून बसली.

“अंग चोरू नकोस,” ती म्हणाली. “सगळं टेकव. आणि खाली सरक. केवढा लांब आहेस रे! अजून. हां, आता पुरे.”

त्याच्या डोक्याच्या वर तिने दोन बोटं आडवी धरली होती. जागा मोजून झाली तरी ती काढली नाहीत. प्लास्टर बोटांभोवती चढलं.

“अगं, गरम होईल ते,” डोळे न उघडता लंबू म्हणाला.

“होऊ दे.”

काका खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साचा घासायला घेतला. कडा झाल्या, कपड्यांच्या चुण्या झाल्या. डोक्याच्या वर दोन आडवे खळगे होते. बसणाऱ्याच्या अंगाचं नाही ते सगळं बुजवायचं, असा नियम. त्यांनी वाटीत थोडं प्लास्टर कालवलं आणि सुरी घेतली. सुरी खळग्यांपाशी नेली आणि पुन्हा खाली ठेवली. प्लास्टर वाटीतच आळून गेलं.

मग त्यांनी कागद ओढला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : डोक्यावरच्या मोकळ्या जागेत दोन खळगे. पायलटच्या बोटांचे. तसेच ठेवले आहेत.

खाली त्यांनी सही केली.