तिसरी घागर

तिकिटाचा कोपरा पुन्हा उचलला होता. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, सकाळी घाईत ओलं बोट फिरवून चिकटवलेलं, आणि आता सिंदीच्या पोलीस ठाण्यात पंख्याच्या गरम वाऱ्याने ते अर्जावरून सुटायला बघत होतं. काजलने ते अंगठ्याने दाबलं. अंगठा काढला की कोपरा वर. अर्ज तिने स्वतः लिहिला होता – माझी आई आनंदाबाई, राहणार नाचणगाव, ही नऊ वर्षांपूर्वी हरवली, त्याबद्दल माझे वडील रूपराव यांनी जी तक्रार दिली तिची नक्कल मिळावी. जी तक्रार दिली... लिहिताना पेन इथेच अडलं होतं, कारण दिली होती की नाही, एवढंच तर तिला बघायचं होतं.

नक्कल मागितली वकिलाने. नाचणगावच्या घराची जागा आईच्या नावावर, भाऊ सचिनला तिथे बांधकाम काढायचंय, आणि सात वर्षं ज्याचा पत्ता नाही त्याला कोर्ट मेलेलं धरतं – पण माणूस हरवल्याचा कागद आधी हवा. सरळ गोष्ट. बाबा मात्र कागदाचं नाव निघताच उसळले. "कायले पाह्यजे कागद? ठाण्यात रिपोर्ट देल्ली मनून सांगतलं ना मी." ठाण्यात म्हणजे पुलगावात, नाचणगावच्या माणसाच्या डोक्यात ठाणं म्हटलं की दुसरं ठाणं येतच नाही. म्हणून माहिती अधिकारात तिने अर्ज पुलगावला टाकला, आणि उत्तर आलं – सदर नोंद अभिलेखात आढळून येत नाही.

आढळून येत नाही. त्या दिवसापासून गेला महिनाभर ती नालवाडीतल्या आपल्या घरात भाकरी थापत होती, पोराचा डबा भरत होती, योगेंद्र ऑफिसातलं काही सांगत असला की मान हलवत होती, आणि आत एकच चक्र फिरत होतं. नवऱ्याला तरी काय सांगणार? माझ्या बापाने... पुढचं वाक्य तिने मनातही कधी पूर्ण केलं नाही. पूर्ण केलं नाही म्हणून ते गेलं मात्र नाही.

कारण आठवणींना एकदा वास लागला की त्या आपोआप चालत येतात. आई मावशीकडे सिंदीला लग्नाला गेली, त्याआधीचे कितीतरी दिवस ती आणि बाबा एकमेकांशी बोलत नव्हते. जेवायला वाढलंय, हे आई भिंतीला सांगायची. मग आई गेली, आलीच नाही, आणि त्याच आठवड्यात बाबांनी बैलांच्या कोठ्यात सिमेंटची जमीन करून घेतली. बायको बेपत्ता आणि हा माणूस घमेली उचलतोय. तेव्हा गावातलं कोणी काही बोललं नाही. एकोणीस वर्षांच्या काजलने तर त्या ओल्या सिमेंटवर पाणी मारलं होतं, सकाळ-संध्याकाळ, बाबांनी सांगितलं म्हणून... पाइप माझ्याच हातात होता. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं स्वतःला समजावून झालं. समजूत पटायची, दुपारपर्यंत टिकायची.

पण घागरीचं काय? आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरात मेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याच्या घागरी भरतात. बाबा दोन भरायचे, आजोबांची आणि आजीची; काजल पाणी ओतू लागायची. आई गेल्याच्या पुढच्या आखाजीला पाटावर तीन घागरी होत्या. तिसरी लहान, नवी, कुंभाराकडून आणलेली. "ही कोनाची, बाबा?" "तुह्या आत्याची," ते म्हणाले, आणि तिच्याकडे न बघता घागरीच्या तोंडावर खरबूज ठेवत राहिले. आत्या मरून तेव्हा बारा-पंधरा वर्षं झाली होती, आणि इतकी वर्षं तिला कोणी पाणी पाजलं नव्हतं. हरवलेल्या माणसाची वाट बघतात, त्याची घागर भरत नाहीत. जो भरतो त्याला ठाऊक असतं.

हे सगळं घेऊन काल ती पुलगावच्या ठाण्यात जाब विचारायला गेली होती. तिथल्या पोलीसबाईने उत्तराचं पत्र वाचलं आणि चष्म्यावरून बघितलं. "ताई, त्या हरवल्या कुठून? शेवटच्या कुठं दिसल्या? जिथून मानूस हरवला त्याच हद्दीत नोंद राह्यते. राह्यता कुठं, हे कोन पाह्यते?" इतकं सोपं. महिनाभर आपण बापाला फासावर चढवत होतो आणि पत्ताच चुकीचा होता... कदाचित. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, ठाण्याची चढावी की नाही ते कोणी सांगून ठेवलेलं नाही.

म्हणून आज सिंदी. समोरच्या टेबलावरचा हवालदार – छातीवरच्या पट्टीवर 'प्रफुल' एवढंच वाचता येत होतं, आडनाव घासून गेलेलं – अर्ज वाचून आतल्या खोलीत गेला त्याला बराच वेळ झाला होता. आतून कपाटं उघडल्याचे, गठ्ठे आपटल्याचे आवाज येत होते. नसू दे, असं काजलच्या मनात आलं. तिने दचकून आपल्याच मनाकडे पाहिलं. नसू दे? नोंद नसली तर बाबा खोटे ठरतात, नोंद नसली तर त्या कोठ्यातल्या सिमेंटखाली... आणि तरी मन म्हणत होतं, नसू दे.

हवालदार धूळ झटकत बाहेर आला. जाड रजिस्टर त्याने टेबलावर उघडं ठेवलं. "आहे तुमची नोंद. नक्कल नियमानं भेटन, साहेबाची सही लागते त्याले. तोवर पाहून घ्या, तुमचीच माय आहे ना?"

"हो."

"मंग बसा ना. उभ्या काऊन?"

आहे. तिने वाट पाहिली, आता सुटल्यासारखं वाटेल म्हणून. बाबा खरं बोलत होते, बाबांनी काही केलं नव्हतं, तिचा बाप साधा माणूस होता. पण छातीत काहीच हललं नाही, उलट हातातलं काहीतरी कोणी काढून घेतल्यासारखं झालं. ती बसली आणि वाचू लागली.

अक्षर कोणा जुन्या जमादाराचं, तिरकं, सगळं एका दमात लिहिलेलं. खबर देणार रूपराव, धंदा शेती. आई मावशीच्या घरून सकाळी गावी जाते म्हणून निघाली, घरी पोहोचली नाही. खबर दुसऱ्याच दिवशी दिलेली. रंग गव्हाळ, बांधा सडपातळ, उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग... तो डाग तिला आठवलाही नसता. बाबांना आठवला होता. आणि खाली – घरी पाहणी केली असता पेटीतील खालील वस्तू आढळून आल्या नाहीत: साड्या तीन, चांदीचे जोडवे एक जोड, मरून रंगाचे लोकरी स्वेटर एक.

स्वेटर.

ती ओळ तिने पुन्हा वाचली. लग्नसराईतलं ऊन, वर्ध्याची अंगाची लाही करणारी गरमी, दोन दिवसांचं लग्न, आणि पिशवीत स्वेटर. त्या हिवाळ्यात काजलने ते घरभर शोधलं होतं, आईचा वास त्याला असेल म्हणून, बाबा म्हणाले होते, "उंदरायनं कुरतडलं, फेकून देल्लं." उंदरांनी नव्हतं कुरतडलं. आईने घरातल्या घरात, पेटीपाशी बसून, हिवाळ्याचा विचार केला होता. तिकडच्या हिवाळ्याचा, जिथे काजल नसेल. हे बाबांना दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, आणि नऊ वर्षं ते फक्त हरवली, हरवली म्हणत राहिले, पुढच्या आखाजीला त्यांनी एक घागर जास्तीची भरली, म्हणजे पोरांच्या पदरी मेलेली आई तरी राहील. आणि सिमेंट – कोठ्यातल्या चिखलावरून तर आई भांडायची. वर्षानुवर्षं भांडली. ती गेल्यावर त्यांनी जमीन केली आणि पोरीच्या हातात पाइप देऊन म्हणाले होते, "चांगली मुरू दे. तुह्या मायले आल्यावर दिसली पाह्यजे." हे शेवटचं वाक्य महिनाभरात एकदाही कसं आठवलं नाही?

आठवायचं नव्हतं म्हणून. आता ते तिला लख्ख दिसलं, आणि लाज वाटली. बापाने मारलं असतं तर आई तिला सोडून गेलेली नव्हती. एवढ्यासाठी मी माझ्या बापाला खुनी ठरवायला तयार होते.

पर्समधला फोन वाजला. बाबा. इतक्या दिवसांत त्यांनी आपणहून केलेला पहिलाच फोन. तिनेही केला नव्हता.

"सचिन सांगून राह्यला, तू सिंदीले गेली मनून," ते म्हणाले. मागे बैलाच्या गळ्यातली घंटी वाजत होती. ते कोठ्यात उभे असणार, त्याच जमिनीवर. "भेटला काय कागद?"

"भेटला, बाबा."

मग हळूच, दुसऱ्याच कोणाचा तरी वाटावा अशा आवाजात – "वाचला काय?"

हवालदार पाणी प्यायला उठला होता. अर्जावरचं तिकीट तिने पुन्हा दाबून धरलं. हो म्हटलं तर त्यांनी नऊ वर्षं एकट्याने धरलेलं दार आज उघडणार होतं, आणि उघडून आत बसणार कोण – एक म्हातारा आणि त्याची लेक, दोघंही टाकलेली.

"नाई," ती म्हणाली. "अक्षर लागत नाई त्याचं. जुनं आहे."

"बरं," बाबा म्हणाले. "उनाची निंगू नको. पानी पिऊन येजो."

फोन ठेवल्यावर तिने रजिस्टर मिटलं नाही. बोट त्या ओळीवरच होतं. आईसाठी रडायची तिला सवय होती, आणि डोळ्यात पाणी येईल म्हणून ती थांबली; ते आलं नाही. आला तो राग. आईचा राग, नऊ वर्षांत पहिल्यांदा, जिवंत माणसाचा येतो तसा. कुठेतरी थंडी पडली असेल आणि त्या बाईने ते स्वेटर अंगात घातलं असेल, बाह्या खाली ओढल्या असतील, मनगटावरचा डाग झाकला गेला असेल... तेव्हा तिला ऊब आली असेल का? आली असेल. येत्या आखाजीला बाबा तिसरी घागर भरतील, आणि कोणाची म्हणून काजल विचारणार नाही. जिवंत बाईच्या नावाने पाणी मात्र आता तिच्याच्याने ओतवणार नाही.