निवळीच्या उतारावर

भागोजीने फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू दोन आटे सैल केला आणि दुसऱ्या हाताने हातपंप मारायला लागला. स्क्रूभोवती डिझेल आलं, पण फेसाळलेलं. तो मारत राहिला. हात भरून आला तरी बुडबुडे थांबेनात.

"हवा घेतेय," तो म्हणाला.

"पण कुठनं?" धाकू ड्रायव्हर मडगार्डवर कोपर टेकून उभा होता. "दोन ठिकाणी दाखवली. नोझल बदलले, फिल्टर बदलले. एक जण तर पंपच उतरवा म्हणाला. पाय दाबून आहे तोवर गाडी वाघ आहे. पाय काढला की चढते, बसते, चढते, बसते आणि मरते. टाकी अर्ध्याखाली गेली की जास्तच."

भागोजीने स्क्रू परत आवळला. सकाळी ट्रक हातखंब्याच्या नाक्यावरून वळून गॅरेजसमोर उभा राहिला, तेव्हा नंबर वाचायच्या आधीच त्याने आवाजावरून ओळखला होता. अपघातानंतर मालकाने कोल्हापुरात नवी केबिन चढवून आणली होती, निळा रंग दिला होता. खालचं इंजिन तेच होतं. दोन वर्षं त्याने या गाडीला हात लावला नव्हता. धाकू या गाडीवर नवखा, त्याला जुनं काही माहीत नव्हतं, म्हणून तो आज इथे घेऊन आला, आणि नाही म्हणायला त्याच्यापाशी कारण नव्हतं.

त्याने टाकीकडून येणारा पाइप सोडवला, डिझेलचा डबा वर टांगला आणि डब्यातून रबरी नळी थेट फीड पंपाला जोडली. हवा काढून धाकूला स्टार्टर मारायला सांगितलं. इंजिन पकडलं. भागोजीने आयडलचा, म्हणजे पाय न दाबता इंजिन चालतं त्या वेगाचा, स्क्रू उलटा फिरवत फिरवत आवाज पार खाली आणला. इंजिन संथ, एका लयीत चालू राहिलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"अरेच्चा!" धाकू हसला. "म्हणजे पंप चांगला आहे."

"पंप चांगला आहे. दोष टाकीपासून इथवरच्या पाइपात आहे."

तो गाडीखाली सरकला. पाइपावरून बोट फिरवत टाकीपर्यंत गेला. सांध्याचा बोल्ट चाव्यानेच सुटायला हवा होता, पण तो नुसत्या बोटांनी हलला. त्याने बोल्ट काढून उजेडात धरला. तांब्याच्या वॉशरच्या जागी सुतळीचे वेढे होते आणि त्यांवर कपड्याच्या साबणाचा लेप. साबण वाळून त्याचे पापुद्रे झाले होते. वेढे उलटे, डावीकडून घेतलेले होते. भागोजी डावखुरा होता.

तो बराच वेळ तसाच पडून राहिला. धाकूने दोनदा हाक मारली.

या गाडीचा तेव्हाचा ड्रायव्हर केरू अपघाताआधी तीनदा आला होता. "भागोजीदा, आयडलला धरत नाय रे," एवढंच म्हणायचा. पहिल्या दोन वेळा भागोजीने स्क्रू अर्धा फेरा आवळून आयडल वाढवून दिला. तिसऱ्या वेळी गॅरेजसमोर दोन गाड्या खोळंबल्या होत्या आणि तांब्याचा वॉशर संपला होता. त्याने सुतळी गुंडाळली, साबण लावला आणि म्हणाला, "आठ दिवसांनी ये, वॉशर टाकून देतो." पाचव्या दिवशी निवळीच्या उतारावर जांभ्या चिऱ्यांनी भरलेली गाडी दरडीवर आदळून उलटली. केरूचा पाय मोडला. चिऱ्यांवर बसलेला शिवा, म्हणजे केरूच्या बायकोचा धाकटा भाऊ, खाली सापडून मेला.

पंचनाम्याच्या वेळी गाडीचे मालक शेजारीच उभे होते. भागोजी दोन वाक्यं बोलला होता. गाडीत दोष नव्हता. ड्रायव्हरने डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकली असणार, कारण गिअरात असती तर उतारावर इंजिन मेलंच नसतं. दुसरं वाक्य कुठल्याही मेकॅनिकने सांगितलं असतं. पहिलं खोटं होतं. केरूचं लायसन गेलं आणि भावकीत तोंड दाखवायची जागाही गेली.

भागोजीने नवे वॉशर टाकून बोल्ट आवळला. धाकूने काय निघालं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "जुनं काम होतं कोणाचं तरी." दुसऱ्या दिवशी गॅरेज बंद ठेवून त्याने केरूच्या गावची एस.टी. पकडली.

केरू खळ्यात भात झोडत होता. पाय सरळ होत नव्हता, म्हणून लाकडी बाजेला टेकून, एका अंगावर भार देऊन पेंढी आपटत होता. त्याची बायको गोदा पलीकडे सूप घेऊन वारवत होती. भागोजीला बघून तिने पदर सावरला आणि तोंड फिरवलं.

"बस," केरू म्हणाला.

भागोजी बसला नाही. सुतळी, साबण, पंचनामा, सगळं त्याने उभ्या उभ्या सांगितलं. सांगताना तो केरूच्या पायाकडे बघत होता. गोदाचं सूप कधी थांबलं ते त्याला कळलं नाही.

"म्हंजे ह्यांनी न्यूट्रल टाकली नव्हती," ती म्हणाली.

"इंजिन माझ्यामुळे मेलं, वहिनी."

तिने विचारलं त्याचं हे उत्तर नव्हतं. पण तिला ते पुरलं.

"दोन वर्सा मी ह्याच सांगतेय सगळ्यांना!" तिचा आवाज चिरकला. "माजा नवरा खोटा बोलनार नाय. आये बोलली, तुज्या नवऱ्यानं माजा पोर मारलान. तेराव्याला मला दारातनं परत धाडलान. पऱ्याच्या पलीकडं माजा म्हायार, आनि दोन वर्सा मी तिकडं बघत पन नाय." तिने सूप खाली ठेवलं, हात लुगड्याला पुसले. "मी जातेय आयेकडं. आत्ताच जातेय."

केरू तिला थांबवायला म्हणून अर्धा उठला. मग परत बाजेला टेकला. ती खळ्याबाहेर पडली आणि बांधावरून भराभर चालायला लागली.

केरूने हातातल्या पेंढीतली भाताची एक लोंब तोडून दाताखाली धरली.

"तुला तीनदा सांगितला व्हता मी," तो म्हणाला.

"हो."

"साबण लावलास त्या दिवशी मला कळला व्हता, ह्या टिकनार नाय. पन खेपा टाकायच्या व्हत्या." त्याने लोंब थुंकली. "भागोजीदा, गाडी न्यूट्रललाच व्हती."

भागोजीने मान वर केली.

"रोजच टाकायचो. सगळेच टाकतात. निवळीच्या वळनावर इंजिन मेला. त्याच्याबरोबर ब्रेकचा दाब गेला. एकदा लागला, दुसऱ्यांदा लागला, मंग पाय नुसताच खाली. गिअर पडेना. शिवा वरनं ओरडत व्हता, दादा, दादा करून." केरू एवढं बोलून थांबला. हाताने मोडक्या पायाचा गुडघा धरून बसला. "हास्पिटलात हिनं पयलाच ह्या विचारलान. माज्या तोंडातनं गेला, गिअरात व्हती. मंग ती त्यावरनं सख्ख्या आयेशी तुटली. मंग कसा सांगनार?"

"मी आत्ता तिला..." भागोजी बोलायला गेला.

"तू न्यूट्रलचा काय बोलला नायस. मी ऐकला."

पऱ्याच्या, त्या लहानशा ओढ्याच्या, काठाशी पोचलेली गोदा मागे वळली होती. तिने दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारली.

"भागोजीदादा! तुमीच चला! आये माजा नाय ऐकायची, तुमच्या तोंडानं सांगा!"

भागोजीने केरूकडे बघितलं. केरूने नवी पेंढी उचलली आणि बाजेवर आपटली. भाताचे दाणे उडून भागोजीच्या पायांवर पडले. केरूने पुन्हा आपटली. तो आता वर बघणार नव्हता.

भागोजी बांधावर आला. पऱ्याला घोट्याएवढंच पाणी होतं. गोदा पुढे चालत होती, मध्येच वळून बोलत होती, शिवाला लहानपणी तिनेच याच पाण्यात अंघोळ घातली होती, असं काही. त्याने धड ऐकलं नाही.

शिवाची आई सोनूबाई ओट्यावर कुळीथ निवडत बसली होती. मुलीला बघून तिचा हात ताटातच राहिला. गोदा ओट्यासमोरच्या खळ्याच्या कडेला थांबली, पुढे आली नाही.

"हे हातखंब्याचे मेकॅनिक, आये. ऐक काय बोलतात ते."

भागोजीने पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी त्याला थोडक्यात सांगता आलं. म्हातारीचा हात अजून ताटातच होता. संपल्यावर तिने पडवीच्या खांबाला धरून उठायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही, तशीच बसून राहिली.

"मंग केरूनं गाडी गिअरातच ठेवली व्हतीन?"

गोदा त्याच्याकडे बघत होती. पऱ्याच्या पलीकडून झोडणीचा आवाज येत होता, ठरावीक अंतराने, न चुकता.

"होय, काकी," भागोजी म्हणाला. "गिअरातच होती."

सोनूबाईने ताट बाजूला सारलं. "घरात जा गो," ती मुलीला म्हणाली. गोदा तिच्या बाजूने ओटा चढून उंबऱ्याच्या आत गेली. म्हातारी उठली, दाराशी गेली आणि तिथून वळली.

"म्हंजे माजा पोर तू मारलास," ती म्हणाली. आवाज चढवून नाही.

भागोजीने होकाराची मान हलवली.

मग आतून दोघींच्या रडण्याचा आवाज सुरू झाला. त्याला कोणी बस म्हटलं नव्हतं आणि जा असंही म्हटलं नव्हतं. तो खळ्यात उभा राहिला.