साडेबावीस अंशांची खिडकी

मित्रांनो, लाकडाला हवा तो तिरका काप देणारी, विजेवर चालणारी एक जुनी करवत आज तुमच्याशी बोलत आहे. सुतार मला माइटर सॉ म्हणतात. खाली लोखंडी मेज, मेजाच्या कडेला अंशांच्या बारीक खुणा आणि त्या दाखवणारा काटा, मागे फळी टेकवायला सरळ पट्टी आणि वर दातेरी गोल पाते, असा माझा थाट आहे.

कारखान्यातून मी थेट एका मेस्त्रींच्या दुकानात आले. दुकान म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. मागच्या खोलीत त्यांची सून कपडे शिवत असे. मेस्त्री मोठे शिस्तीचे. काम संपले की आधी माझी वायर काढायची, ब्रशने भुसा झटकायचा आणि मगच हातपाय धुवायचे. आम्ही दोघांनी दारांच्या, आरशांच्या किती चौकटी केल्या, याला गणतीच नाही. गिऱ्हाईक कोपऱ्यावरून बोट फिरवून विचारी, "सांधा कुठे आहे हो?" तेव्हा मेस्त्री माझ्याकडे बघून हसत. मला कोण आनंद होई!

पुढे मात्र आमचे कोपरे उघडे पडू लागले. मेस्त्री फटीत भुसा आणि डिंक भरून वेळ मारून नेत. खरे कारण मला ठाऊक होते. माझा काटा आता खुणेवर येतच नसे. कधी अलीकडे, कधी पलीकडे राही. मेस्त्रींना खुणा दिसत नव्हत्या! पण मला वाचा कुठे होती?

अशातच मुलांच्या वाचनालयाचे काम आले. आठ कोनांच्या खिडकीला लाकडी चौकट हवी होती. "बाकीच्यांनी हात टेकले. आता सगळी भिस्त तुमच्यावर," वाचनालयाच्या बाई म्हणाल्या. दहा दिवसांनी तिथे मुले येणार होती.

मेस्त्रींनी आठ तुकडे कापून जुळवले. शेवटच्या सांध्यात बोट शिरेल एवढी फट राहिली.

"मशीनच म्हातारी झाली!" ते कडाडले आणि त्यांनी मला बाकाखाली ढकलून दिले. माझी मागची पट्टी बाकाच्या पायावर आदळून सरकली. वर पोते पडले. त्या अंधारात मला वाटले, संपले आपले दिवस.

दोन दिवसांनी सून चहा घेऊन आली. मेस्त्री मोजपट्टी हातभर लांब धरून डोळे बारीक करत होते. तिने आपला चष्मा काढून पुढे केला.

"बाबा, जरा माझा चष्मा लावून बघता?"

"मला काय झालंय? चाळीस वर्षं लाकूड कापतोय मी."

"मलाही असंच वाटायचं. गिऱ्हाइकाच्या दोन बाह्या उलट्या लावल्या, तेव्हा गुपचूप डॉक्टरकडे गेले."

मेस्त्रींना हसू आले. त्यांनी चष्मा नाकावर ठेवला, मोजपट्टीकडे पाहिले आणि तिच्या खुणांवरून नख फिरवले. मग हळूच म्हणाले, "अगं, या रेघा एवढ्या ठळक आहेत?" आणि त्यांनी स्वतः वाकून माझ्यावरचे पोते काढले. "बिचारीवर उगीच आळ घेतला मी."

त्यांचा स्वतःचा चष्मा यायला आठवडा लागणार होता. तोवर थांबून चालणार नव्हते. "बाबा, तुम्ही सांगा, मी करते," सून म्हणाली.

आधी माझी वायर काढली. मग तिने काटकोन तपासायचा गुण्या मेजावर उभा केला आणि त्याची कड पात्याला लावली. "मधून उजेड दिसतो का?" मेस्त्रींनी विचारले. उजेड दिसला नाही. मग गुण्या आडवा ठेवून मागच्या पट्टीला आणि पात्याला लावला, तर केसभर उजेड आलाच. स्क्रू सैल करून तिने पट्टी सरळ केली, पुन्हा आवळली आणि काटा शून्यावर आणला.

मेस्त्री म्हणाले, "आता साडेबावीस अंश, म्हणजे तीनशे साठचा सोळावा भाग. आठ कोपरे, प्रत्येकात दोन, म्हणजे सोळा काप. प्रत्येक काप जरासा चुकला, तरी सगळ्या चुका शेवटच्या सांध्यात गोळा होतात. म्हणून आधी टाकाऊ फळीवर."

तिने फळी पट्टीला टेकवून घट्ट आवळली, वायर जोडली, हात लांब ठेवला आणि मला सुरू केले. काप छान झाला, पण घाईने तिने फिरते पाते वर उचलले. ढलपी सणकन उडाली.

"अगं, थांब!" मेस्त्री ओरडले. "पूर्ण वेग आला की खाली आण आणि पाते थांबल्याशिवाय वर घेऊ नकोस. कपडा उसवता येतो, बोट नाही!"

तिसऱ्या दिवशी, कितीतरी तुकडे वाया घालवून, सोळा चांगले काप तयार झाले. वाचनालयात आठवा तुकडा बसवताना सुनेने श्वास रोखून धरला. तो टक् करून बसला. मेस्त्रींनी डोळे मिटून आठही कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. तो कुठेच अडला नाही. हे मला त्यांनी घरी येऊन, माझा भुसा झटकता झटकता सांगितले.

"बाई म्हणाल्या, तुमच्या हाताची सर कुणाला नाही. मी म्हटलं, हात सुनेचा आहे. दुकानाच्या पाटीवर आता तिचंही नाव येणार."

तर मित्रांनो, अवजार वापरण्याआधी तपासा, वापरून झाले की पुसून ठेवा आणि त्याच्यापुढे घाई करू नका. काम बिघडले तर अवजारावर राग काढण्याआधी जवळच्या माणसाला विचारा, "मला नीट दिसत नाही, तू बघतेस का?" एवढे विचारायला मेस्त्रींना फार वेळ लागला. आता मात्र स्वतःचा चष्मा आला, तरी ते दिवसातून दहा वेळा विचारतात आणि सून शिलाई मशीनवरून उठून येते.