होडी पुढे, जहाज मागे

कप्तानबाईंनी "जहाज थांबवा" म्हटलं आणि उपकप्तान जागचा हललाच नाही. अहो, भर युद्धनौकेवर! चाक धरलेला खलाशी आळीपाळीने दोघांकडे बघू लागला.

"लेखी द्या," उपकप्तान म्हणाला.

शेजारच्या नकाशा-अधिकाऱ्याने त्याचीच री ओढली. "नकाशात इथे दहा मीटर पाणी आहे, मॅडम. आपल्याला पाच पुरतं. धक्क्यावर मोठे साहेब वाट बघतायत."

दोघांचं गूळपीठ बाईंना ठाऊक होतं. 'कप्तान या कामाला लायक नाहीत' असं पत्र त्या दोघांनी सह्या करून तयारच ठेवलं होतं. आज विनाकारण उशीर झाला की ते मुख्यालयात जाणार आणि वीस वर्षं खस्ता खाऊन मिळवलेलं जहाज हातचं जाणार. पण परवाच्या वादळानंतर पुढच्या पाण्याचा रंग त्यांना वेगळा दिसत होता. बाईंचा बाप नावाडी. तो म्हणायचा, "पोरी, वादळ झालं की वाळू घर बदलते." आणि जहाजावरचं यंत्र पोटाखालचं पाणी मोजतं, पुढचं नाही.

त्यांनी नोंदवही ओढली. 'जहाज थांबवलं. जबाबदारी माझी.' खाली ठसठशीत सही ठोकली. जहाज थांबलं.

"झालं लेखी? आता होडी उतरवा. मीटरमीटरला गाठ मारलेली दोरी घ्या आणि पुढे जाऊन पाणी मोजा. तुम्ही स्वतः."

उपकप्तान तोंड वाकडं करून होडीत बसला. शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडत ओरडू लागला, "दहा! दहा!" वर नकाशा-अधिकारी गालातल्या गालात हसला. बाईंनी कठडा घट्ट धरला.

"नऊ!" मग उपकप्तानाने दोरी ओढली, पुन्हा टाकली, तिसऱ्यांदा टाकली. शंभर खलाशी कान टवकारून उभे.

"तीन," तो पुटपुटला.

"मोठ्याने!" बाई गरजल्या.

"तीन मीटर, मॅडम!"

डेकवर एकच जल्लोष उठला. नकाशा-अधिकाऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

मग दोन तास होडी पुढे, जहाज मागे. उपकप्तानाने घसा बसेपर्यंत आकडे सांगितले आणि वाळू चुकवत जहाज डौलात धक्क्याजवळ आलं. आज हे बघायला बाप हवा होता, असं बाईंना फार वाटलं.

उपकप्तान चिंब होऊन वर आला. खिशातलं पत्र काढून फाडायला लागला.

"अहो, फाडता कशाला? पाठवा की!" बाई म्हणाल्या. "आजच्या नोंदवहीचं पान तेवढं सोबत जोडा."

त्याची मान खाली गेली.

"बरं, दोरखंड टाका आणि जहाज धक्क्याला बांधून घ्या. लेखी हवंय?"

"नको, मॅडम. तुमचा शब्द पुरे," तो म्हणाला आणि धावतच सुटला.