व्याह्यांच्या घरचं पाणी

जयवंताबाईंनी आदिलाबादच्या बसस्टँडवरच दोघांना बजावून ठेवलं होतं. तिथं गेल्यावर पाण्याच्या गिलासाला हात लावायचा नाही. पाणी नाही, चहा नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. मयूरी लेकराला कडेवर घेऊन उंबऱ्याबाहेर पडली की मग काय प्यायचं ते प्या.

"आन पेलो तं?" पंकजने विचारलं. पंकज त्यांचा एकुलता एक मुलगा, आणि मयूरी त्याची बायको.

"पेलं म्हंजे त्यांचं आयकलं. येवढं मालूम नाई तुले?"

मालूम होतं. त्या भागातली रीतच तशी आहे. भांडणाचं बोलणं करायला कुणाच्या दारी गेलात तर घरधनी पाणी पुढे करतोच, पण निकाल लागेस्तोवर आलेल्याने ते घ्यायचं नसतं. आधी गिलास उचलला तो नमला, असं समजून दोन्हीकडचे मोकळे होतात. भगवानरावांनी, म्हणजे जयवंताबाईंच्या नवऱ्याने, नुसती मान हलवली. बायको बोलली की त्यांची मान आपोआप हलायची, लग्नापासूनची सवय होती.

मे महिना संपत आला होता. मयूरीच्या माहेरी, नेरडीगोंड्याला उतरले तेव्हा हायवेचं डांबर चपलेला चिकटत होतं, आणि सोबतची बाटली बसमध्येच रिकामी झाली होती. जयवंताबाईंना त्याची फिकीर नव्हती. काम ते कितीसं? सुनेला खडसवायचं, पुढे घालायचं आणि मिळेल त्या बसने परत.

गेल्या पावसाळ्यात पैनगंगेचं पाणी त्यांच्या घरात शिरलं होतं. मयूरी तेव्हा पोटुशी होती. बाळंतपणाला ती माहेरी आली आणि मग इथंच बसली. तिचा एकच हेका. नदीकाठच्या त्या घरात मी पावसाळ्यात लेकरू घेऊन पाय ठेवणार नाही. माळावर तुमचं कपाशीचं वावर आहे, तिथं दोन खोल्या बांधा, मग येते. जयवंताबाईंचाही एकच हेका. घर हलणार नाही. मृग तोंडावर आला होता. आज जमलं नाही तर सून अख्खा पावसाळा माहेरी राहणार, आणि अशी राहिलेली सून पुढे परत येत नाही, हे गावात दोन घरांनी पाहिलं होतं. गल्लीतली निम्मी माणसं पुरानंतर बिऱ्हाड उचलून माळावर गेली होती. जयवंताबाई त्यांना भित्रे म्हणत. मागे नाही, तोंडावर म्हणत.

मयूरीच्या वडिलांचं, अमृतरावांचं, हायवेला किराणा दुकान होतं आणि मागे घर. खुर्च्या मांडून झाल्या आणि मयूरीची आई तुळजाबाई ट्रे घेऊन आल्या. माठातलं पाणी, स्टीलचे तीन गिलास, बाहेरून घाम फुटलेले.

"घ्या, इनबाई. उन्हातून आल्या."

"राहू द्या. आमी पानी पेवाले नाई आलो."

तुळजाबाई हसल्या. ट्रे उचलून न नेता त्यांनी तो मधल्या टेबलावर ठेवून दिला आणि कूलरचं तोंड विहिणीकडे फिरवलं. जयवंताबाईंनी खुर्ची सरकवून उन्हाच्या बाजूला घेतली.

"काऊन? हवाबी नको?"

"त्याच्यातबी तुमचंच पानी हाय."

यावर अमृतराव मोठ्यानं हसले. ते हसणं जयवंताबाईंच्या डोक्यात गेलं आणि तिथून पुढचं सगळं बोलणं बिघडलेलंच राहिलं.

"पोरगी लगन लावून देल्ली, का वापस ठेवून घेवाले देल्ली?" त्यांनी सुरुवात केली.

"लगनाच्या वक्ती आमी घर पाह्यलं होतं," तुळजाबाई म्हणाल्या. "नदी तुमी मांगच्या दाराले लपवून ठेवली होती."

"नदी लपते? आंधळे होते तुमी?"

"तवा नदी नदीच्या जागी होती, इनबाई. आता घरात येते."

अमृतरावांनी हसणं आवरलं. "आमच्या बापाच्या काळात पूर आला तं त्याची गोष्ट जलमभर पुरे. आता पोळ्याच्या आत दोनदा येते. उनाळा असा, का मानूस भाजून निंगते. पाऊस येते तो एका दिसात साऱ्या मईन्याचा. तुमाले दिसत नाई?"

"दिसते. पूर जाते तवा गाळ टाकून जाते, तेबी दिसते. माह्या वाडीतले वांगे आदिलाबादच्या बजारात पयले उठतात. ते काय त्या माळाच्या मुरमात येनार हायेत? ह्या गाळावरच तुमच्या जवायाचं पोट भरलं."

वांग्यांचं खरं होतं, पण खरी गोष्ट वेगळी होती आणि ती सांगितल्याशिवाय जयवंताबाईंना राहवेना. त्यांचं माहेर धरणात गेलं होतं. त्या परकर नेसायच्या वयात होत्या तेव्हा गावात माणसं आली, म्हणाली, पाणी येणार आहे, उठा. सरकारकडून मुआवजा, म्हणजे भरपाई, मिळाली. लोकांनी दारं-चौकटी काढल्या, बैलगाड्या भरल्या आणि उठले. पाणी आलं ते पुढच्या साली, गाव रिकामं झाल्यावर.

"आमी उठलो म्हून पानी आलं," त्या म्हणाल्या. "बसून राह्यलो असतो तं कोनाची छाती होती आमच्यावर पानी सोडाची? एक डाव उठली मी. आता नाई उठत."

हा विचार त्यांच्या मनात इतकी वर्षं घट्ट बसला होता की त्याला कुणी हात लावलेला नव्हता. भगवानरावांनी तर नाहीच. पण इथं विहीण होती.

"धरनाले सायेब असते, इनबाई. मानसं हायेत का नाई ते पाह्यते, मंग दार उघडते. नदीले कोन सायेब हाय?"

 जयवंताबाईंची जीभ टाळूला लागली होती, आणि ते तहानेनं की रागानं हे त्यांचं त्यांनाच कळेना. समोर तिन्ही गिलास तसेच होते. पंकज गिलासांकडे बघत होता, आईनं पाहिलं की पंख्याकडे बघत होता.

मग मयूरी बाहेर आली. कडेवर पोरगी. बारशानंतर जयवंताबाईंनी नातीला पाहिलेलंच नव्हतं. पोर महिन्यांच्या मानानं अजून लहानच होती, मनगटं काडीसारखी. त्यांनी हात पुढे केले. मयूरीने पोरगी दुसऱ्या कडेला घेतली.

"आत्याबाई, त्या दिवशीचं सांगू का इथं? का तुमी सांगता?"

"सांग. मी काय चोरी केली?"

मयूरी इंटर, म्हणजे बारावीपर्यंत शिकलेली. सासरी असताना हूं की चूं करायची नाही. आता ती उभ्यानं बोलू लागली.

"सकाळीच सारी गल्ली वर गेली. पोलीसवाले गाडीवर भोंगा लावून सांगून गेले. तुमी दाराले कडी लावून बसल्या. म्हनल्या, दुपारपावेतो उतरते. पानी चुलीपाशी आलं तवा आमी शिडीनं स्लॅबवर चढलो. माह्यं पोट येवढं. तुमी वर काय नेलं? बियान्याचा डबा नेला. कोंबड्या नेल्या. पेवाचं पानी कोनीच नाई नेलं. चारीकडून पानी, आन पेवाले थेंब नाई. मी तुमाले म्हनलं, आत्याबाई, जीव चाल्ला तानेनं. तुमी काय म्हनल्या?"

जयवंताबाई पदराचं टोक नीट करू लागल्या, तेव्हा मयूरीनंच सांगितलं.

"म्हनल्या, एक दिवस पानी नाई पेलं तं कोनी मरत नाई. मी वाकून पुराचं पेली. वंजळीनं. मेलेली शेळी जाऊन राह्यली होती बाजूनं. त्याच हप्त्यात उलट्या, हगवन, आन ही दिवस भराच्या आत झाली. काचेच्या पेटीत ठेवली होती हिले. तुमी एक डाव पाहाले आल्या, आन नर्सले म्हनल्या, पोरगीच हाय ना."

 अशा वेळी माणसानं गप्प बसावं. पण जयवंताबाईंना गप्प बसणं म्हणजे हरणं वाटायचं, आणि हरायची त्यांना सवय नव्हती.

"आमच्या घरच्या बाया इतक्या नाजूक नसतात," त्या म्हणाल्या. "पान्यापायी माहेर गाठत नसतात."

तुळजाबाई उठल्याच. "उठा," त्या म्हणाल्या. "निंगा माह्या घरातून." अमृतरावांनी बायकोचा हात धरला. आणि तेवढ्यात भगवानरावांनी टेबलावरचा गिलास उचलला.

एका दमात प्यायले. गळ्याची घाटी वरखाली होताना सगळ्यांनी पाहिली. रिकामा गिलास त्यांनी आवाज न करता खाली ठेवला.

"मी पेलो," ते म्हणाले. "घर वर बांधू."

"तुमी काऊन पेले?" जयवंताबाई ओरडल्याच.

"तान लागली होती."

"मलेबी लागली हाय! मी मेली का?"

"त्या दिसीबी लागली होती," भगवानराव म्हणाले. "तुह्या भेवानं बोल्लो नाई. सुनेले वंजळीनं पेताना पाह्यलं, तरीबी बोल्लो नाई." त्यांचा आवाज कापत होता, पण मान हलत नव्हती.

पंकजने दुसरा गिलास घेतला. आईकडे न बघता घेतला आणि अर्धा शर्टावर सांडत प्यायला.  नवरा परका, पण हा तर पोटचा.

"बांधा," जयवंताबाई म्हणाल्या. "बांधा तुमी वर महाल. मी खालीच राह्यतो. एकली. पूर आला तं माह्यं मढं काढाले या."

असं म्हटलं की घरातली माणसं पाया पडतात, हा त्यांचा नेहमीचा अनुभव. भगवानराव तर जेवण सोडून मागे फिरायचे. त्या वाट पाहत राहिल्या.  अमृतरावांनी खुर्ची भगवानरावांकडे वळवली आणि विचारलं, "इवाई, माळावर बोअर हाय का?"

"हाय. पानी कमी हाय, पन टिकते."

"मंग इटा बोथहून आना. इथं म्हाग पडतात."

आणि बघता बघता जयवंताबाईंच्या डोळ्यांदेखत घर उभं राहू लागलं. पाया किती, पत्रे की स्लॅब, न्हाणी कुठे. पंकजने मोबाईलवर कुणा गवंड्याचा नंबर शोधला. तुळजाबाईंनी पाळणा टांगायला कडी आठवणीनं बसवायला सांगितली. जयवंताबाई तिथंच बसल्या होत्या, पण त्या घरात त्यांची खाट कुठे पडणार हे कुणी विचारत नव्हतं.

आता तहान नुसती घशात नव्हती, डोळ्यांत आली होती. ओठ एकमेकांना चिकटत होते. त्यांना स्लॅबवरची मयूरी दिसली, पोटावर हात ठेवून बसलेली, ओठांवरून जीभ फिरवणारी. तिनं एकदा नाही, तीनतीनदा मागितलं होतं. तेव्हा त्यांना तिचा राग आला होता, कारण द्यायला पाणी नव्हतं आणि ते नव्हतं हा दोष त्यांचा होता. आज तो राग जागेवर सापडेना. भीतीच वाटली फक्त. भरल्या नदीच्या काठी, रिकाम्या गल्लीत, एकटीनं दाराला कडी लावून बसायचं. मनातल्या मनात त्यांनी ते करून पाहिलं आणि त्यांच्यानं होईना. त्यांना नातीला मांडीवर घ्यायचं होतं. चुकलं म्हणायला मात्र जीभ वळेना, म्हणून त्यांना जे यायचं तेच त्या बोलल्या.

"दाराचं तोंड पूर्वेकडं ठेवजा," त्या पंकजला म्हणाल्या. "आन चूल माह्या हातानं मांडीन मी."

आणि त्यांनी तिसऱ्या गिलासाकडे हात नेला.

भगवानरावांचा चेहरा उजळला. तुळजाबाईसुद्धा मागे सरकल्या. पण गिलास मयूरीने उचलला. ओढला नाही, हिसकावला नाही, नुसता उचलून हातात धरला.

"तुमी खाली राह्यतो म्हनल्या ना, आत्याबाई?"

"ते… रागानं म्हनलं मी."

"मंग राहा. वरच्या घरी मी तुमच्यासंगं राह्यत नाई. तुमी आल्या तं मी इथंच राह्यतो. पूर आला तं आमी मानसं धाडू तुमाले आनाले. पेवाचं पानीबी धाडू."

"मयूरी," अमृतराव दटावणीनं म्हणाले. ती हलली नाही. गिलास हातात घेऊन ती तिथंच उभी राहिली, आणि पोरगी त्या चकचकीत स्टीलवर हात मारत हसत होती.

जयवंताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. भगवानराव जमिनीकडे बघत होते. मग जयवंताबाई पोराकडे वळल्या. 

"पंकज. तू सांग तिले."

पंकजने बाहीनं तोंड पुसलं. बायकोकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"आई," तो म्हणाला, "आदिलाबादची बस येतच असन. तू हो पुढं."