सारिकाची शेळी खाली उतरेना

पारोळ्याच्या सारिकानं गेला उन्हाळाभर, नोकरीतून वेळ मिळेल तसा, एकच नाद घेतला होता. गेम बनवणाऱ्यांसाठी एक लायब्ररी होती. म्हणजे तयार कोडचा साठा, फुकट मिळणारा, कुणीही भर घालावी असा. वाजवायचा कीबोर्ड जोडला की तो कॉम्प्युटरला मिडीच्या भाषेत सांगतो, कुठली पट्टी दाबली आणि किती जोरात. ही भाषा त्या लायब्ररीला येत नव्हती. सारिकानं ती शिकवली. लायब्ररी सांभाळणारा परदेशातला माणूस म्हणाला, आणखी एका कीबोर्डवर चालवून दाखव, की घेतो.

दुसरा कीबोर्ड घरातच होता, पण तो आबांचा. तिचे वडील पितांबर आबा लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे, आणि कीबोर्डला कुणाला हात म्हणून लावू द्यायचे नाहीत, पोटच्या पोरीलाही नाही. शेवटी स्वतःच वाजवायला बसले. पट्टी दाबली की सूर वाजणार आणि पडद्यावरची शेळी उडी मारणार, सोडली की खाली येणार, असा साधा गेम.

"आबा, एकच दाबा ना," सारिका म्हणाली. पण एका पट्टीवर भागेल ते आबा कसले! त्यांनी थेट हळदीचं गाणं धरलं. शेळी टुणकन वर गेली ती वरच राहिली. सूरही थांबेनात, नुसता गोंगाट.

"मनं मशीन जुनं शे, बेटा," आबा ओशाळून म्हणाले. त्यांचा उतरलेला चेहरा सारिकाला बघवेना. तिनं कीबोर्डकडून येणारे आकडे तपासले. पट्टी सोडली की तो 'तीच पट्टी, जोर शून्य' एवढंच कळवत होता. मिडीत तसं चालतं. सारिकाच्या कोडनं मात्र ते पुन्हा दाबणंच समजलं होतं.

"मशीन चांगलं शे आबा, चूक मनी शे."

दुरुस्ती चिमूटभर निघाली. शेळी उतरली, आणि मग आबांनी तिला इतकं नाचवलं की बँडवाल्यांना त्यांना बोलवायला घरी यावं लागलं.

सारिकानं दुरुस्ती लगेच पाठवून दिली. संध्याकाळी वरातीत ती बँडच्या गाडीमागे चालत असताना मोबाइलवर त्या परदेशातल्या माणसाचं उत्तर आलं.

"आबा, घेतलं!" ती ओरडली. "आते बठ्ठा जगना लोके वापरतीन!"

पोरीचं काम सगळं जग वापरणार म्हटल्यावर आबांनी चालू गाणं मधेच तोडलं. नाचणारे खोळंबले. वरातीत कुणी काही दिलं की देणाऱ्याचं नाव भोंग्यावर पुकारायची बँडची रीत. आबांनी माइक ओढला आणि घसा साफ केला.

"मनी पोर सारिका यांच्याकडून, बठ्ठी दुनियाले, फुकट!"

काय फुकट ते कुणाला कळलं नाही, पण शिट्ट्या मात्र जोरात पडल्या. आबांच्या बँडपुढे सारिका त्या दिवशी पहिल्यांदा नाचली.