भिंतीआडच्या लाटा

गुडघा वाचवायचा तर वजन उतरवा, रोज पोहा, असं डॉक्टरांनी बजावल्यापासून मास्तरीणबाईंचा नवरा नेमाने तलावावर जात होता. वजन मात्र तसूभर हलेना. नजर ठेवायला बाईंनी स्वतःच्या आईला त्याच्यासोबत धाडलं. आई रोज ग्वाही द्यायची, "अगं, जावईबापू माशासारखे पोहतात!" तरी बाईंच्या मनात पाल चुकचुकत राहिली.

एक दिवस त्या शाळेतून परस्पर तलावावर थडकल्या. तलाव काटकोनात वळलेला, त्यामुळे पलीकडचा भाग भिंतीआड होता. नवरा दिसेना, पण तिकडून येणाऱ्या लाटा दिसत होत्या, आणि शाळेत भौतिकशास्त्रातल्या लाटा शिकवण्यात तर बाईंचा जन्म गेला होता. पोहणाऱ्याच्या लाटा लहानमोठ्या, वेड्यावाकड्या असतात. या मात्र जेमतेम बोटभर उंचीच्या, सारख्या अंतरावर, एका ठेक्यात येत होत्या. म्हणजे स्वारी काठावर बसून नुसते पाय हलवतेय!

मग बाई चपापल्या. लाटांच्या रांगा दोन होत्या. शिखरावर शिखर आलं की पाणी दुप्पट उचलायचं, शिखर खळग्यात पडलं की सपाट व्हायचं. म्हणजे शेजारी आणखी कुणाचे तरी पाय आहेत!

"कोण ही सटवी?" म्हणत बाई तरातरा भिंतीपलीकडे गेल्या.

नवऱ्याशेजारी पाण्यात पाय सोडून त्यांची सख्खी आई बसली होती. दोघांचेही केस कोरडे ठणठणीत.

"अगं, आत्ताच पोहून वर आलो बघ," आई म्हणाली.